मूळपुरुषाचे वय

एका गावाच्या वेशीवर एक दगड होता. पुरुषभर उंच, शेंदराने माखलेला. गावकरी त्याला मूळपुरुष म्हणत. पृथ्वीवर सगळ्यात आधी हा दगड झाला आणि बाकीचे जग त्याच्या मागून आले, असे गावातली माणसे शपथेवर सांगत. शेजारच्या गावची माणसे मात्र हसत. हे हसणे सरपंच दौलतरावांना फार लागले. त्यांनी शहरातल्या प्रयोगशाळेला पत्र धाडले, ‘आमच्या दगडाचे वय मोजून द्यावे.’

मोजायला आल्या डॉ. ललिता मेढेकर. बाई हुशार, पण पायाला भिंगरी. वीस वर्षे त्या सगळ्यात जुना दगड शोधत हिंडल्या होत्या आणि दर वेळी दुसऱ्याच कोणाचा दगड त्यांच्या दगडापेक्षा जुना निघाला होता. निवृत्तीला एक वर्ष उरले होते. हा दगड काही हातचा जाऊ द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवूनच टाकले.

दगडाचे वय काढायची रीत साधी आहे. काही दगडांत वाळूच्या कणाहूनही बारीक, टणक खडे असतात. खडा घडतो तेव्हा त्यात युरेनियम असते, शिसे जवळजवळ नसते. मग त्या युरेनियमचे हळूहळू शिसे होत जाते. ही चाल ठरलेली. तिला घाई नाही आणि आळसही नाही. किती युरेनियम उरले, किती शिसे झाले, ते मोजले की खड्याचे वय कळते. पृथ्वीचे वयही शिसे मोजूनच काढले. फक्त तिच्यावरचे पहिले दगड केव्हाच वितळून, झिजून गेले, म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्याच बरोबरीने जन्मलेले, आकाशातून पडलेले दगड मोजले. उत्तर आले सुमारे साडेचारशे कोटी वर्षे.

बाईंनी मूळपुरुषाच्या खांद्याचा एक टवका काढून नेला. मोजण्याआधी खडे पुन्हा पुन्हा आम्लात धुवायचे असतात, कारण बाहेरचे शिसे चिकटलेले असले तर सगळेच चुकते. बाईंनी एकदाच धुतले.

आकडा आला सहाशे कोटी. बाईंनी लगेच गावाला फोन केला. गावात हलगी वाजली, पाटी रंगली, गुरुवारी वर्तमानपत्रवाले बोलावले गेले.

पण फोन ठेवल्यापासून बाईंना चैन पडेना. बसवेना, उभेही राहवेना. पृथ्वी साडेचारशे कोटींची आणि तिच्या अंगावरचा दगड सहाशे कोटींचा? लेक आईपेक्षा मोठी? एक मन म्हणे, आजवर जगानेच चुकीचे मोजले असेल. दुसरे मन काहीच म्हणेना, नुसते कुरतडत राही. मंगळवारी सकाळी बाई उठल्या आणि तडक गावात आल्या.

वेशीवर सरूआत्या गुरवीण शेंदूर लावत होती. तळहातावर तेलात शेंदूर कालवायची आणि बोटाने भेगाभेगांत दाबायची.

“आत्या, हे रोजचंच का?” बाईंनी विचारले.

“दर शनवारी. माझी सासू लावायची, तिची सासू लावायची. आजचा जादाचा. पेपरवाले येणार न्हवं!”

बाई मटकन खाली बसल्या. शेंदूर शिशाचाच करतात, हे त्यांना कॉलेजात असल्यापासून ठाऊक होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते शिसे तेलाबरोबर दगडात मुरले होते आणि बाईंनी ते दगडाचे वय म्हणून मोजले होते.

बाईंना बसलेले पाहून दौलतराव धावत आले. सगळे ऐकून त्यांनी आवाज खाली आणला. “आकडा आलाय न्हवं बाई? तुमी गप ऱ्हावा, आमी गप ऱ्हातो. कुनाला कळतंय?”

खरेच, दुसरे कोणी दगड पुन्हा मोजेपर्यंत, वर्षभर तरी कोणाला कळले नसते. बाईंची निवृत्ती मानाने झाली असती. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“मला कळलंय, दौलतराव,” त्या म्हणाल्या. “दुसरा टवका हवा. आतला, शेंदूर न लागलेला.”

“मूळपुरुषाला पुन्यांदा हातोडा लागू देनार न्हाई!”

“पायथ्याची माती उकरा,” सरूआत्या म्हणाली. “तितं माजा हात कदी पोचला न्हाई.” आणि कोणी पुढे होईना, तेव्हा तिनेच टिकाव उचलला. मातीखाली मूळपुरुषाच्याच पायथ्याचा सुटलेला एक तुकडा मिळाला.

वर्तमानपत्रवाल्यांना पुढची तारीख दिली गेली. या खेपेला बाईंनी खडे बारा वेळा धुतले. पाय सारखा हलत होता, पण त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. आकडा आला तीनशे कोटी. दगड जुनाच होता, पण याहून जुने दगड जगात आधीच सापडले होते.

बाईंनी भर गावासमोर, वर्तमानपत्रवाल्यांच्या देखत सांगितले, “आधीचा आकडा चुकीचा होता. चूक दगडाची नाही आणि शेंदराचीही नाही. धुताना घाई मी केली.” सांगताना त्यांना फार लाज वाटली, पण कितीतरी दिवसांनी त्या एका जागी शांत उभ्या होत्या.

टाळी कोणीच वाजवली नाही. शेजारच्या गावची माणसे गालातल्या गालात हसली. दौलतराव भडकले. “बाई, आमच्या द्येवाची तीनशे कोटी वर्सं खाल्लीत तुमी!”

सरूआत्याने आपला लाल तळहात त्यांच्यापुढे धरला.

“द्येवाची न्हवं रं दौलता. ती माज्या हातची व्हती.”

तात्पर्य: हवे तेच उत्तर हाती आले, की ते आधी नीट धुऊन पाहावे, त्याला आपल्याच हाताचा रंग लागलेला असू शकतो.