घोरपडे साहेबांची लायब्ररी

सांगायचा कंटाळा आलाय, पण तुम्ही पिच्छा सोडत नाही, तर ऐका. एका कंपनीत रक्तपेढीचं सॉफ्टवेअर बनत होतं. कॉम्प्युटरमधल्या नोंदी शोधून आणायला कुठली लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा प्रोग्रॅम, वापरायची, यावर घोडं अडलं. त्या कंपनीचे मोठे साहेब घोरपडे म्हणाले, "मी सांगतो तीच घ्या. सगळं आपोआप आणते." कंपनीत नुकत्याच लागलेल्या रेवतीनं ती तपासली होती. ही लायब्ररी प्रत्येक नोंदीसाठी वेगळा हेलपाटा घालायची, आणि तेवढा वेळ रोग्याकडे नसतो. पण साहेबांपुढे नव्या पोरीचं कोण ऐकणार?

पेढीतच बैठक भरली. साहेबांनी बारा रक्तदात्यांच्या फायली मागवल्या. रेवतीनं पेढीच्या शिपायाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो तळघरातून एक फाईल घेऊन आला, परत उतरला, दुसरी आणली. पाचव्या फेरीला साहेब तडकले, "अरे मठ्ठा, सगळ्या एकदम आणता येत नाहीत?"

रेवती शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्या लायब्ररीसारखं वाग, असं मीच त्याला सांगितलं. तुम्हाला खुर्चीत बसून दहा मिनिटं सोसवली नाहीत. खाटेवर रक्त जाणाऱ्या माणसानं किती सोसायची?"

लायब्ररी दुसरी ठरली.

तो शिपाई मी. आणि मला मठ्ठ म्हटल्याची माफी ज्यांनी अजून मागितली नाही, ते हेच घोरपडे साहेब.