केरोबा विमा मागतो

आमच्या तालुक्याच्या अगदी टोकाला एक गाव आहे. तिथे केरोबा नावाचा एक भोळा माणूस राहत असे. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. त्याची बायको सगुणा म्हणे, ह्यांना काही सांगावं लागलं नाही तो दिवस चांगला गेला.

एकदा वैशाखात भर दुपारी गावावर वावटळ आली. पालापाचोळा उडवणारी नव्हे. खांबासारखी उभी राहून गरगरत आलेली. बाकीचं गाव टाळून ती केरोबाच्या घरावरून गेली. पत्रे उडाले, आढं मोडलं, स्वयंपाकघराची भिंत बसली. घराचा विमा होता. तो सगुणाने उतरवला होता, कारण तिला नवरा माहीत होता.

पण लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. व्याह्यांचा निरोप आला, "घरावर छप्पर असेल तर पाठवू. नाहीतर बाळंतपण इकडेच करू." सगुणाने डोळ्यांना पदर लावला आणि केरोबाला विमा कंपनीत फोन करायला सांगितलं.

फोनवर बिडकर साहेब होते. ते म्हणाले, "आम्ही पाहणीला येईपर्यंत काहीही हलवू नका. आहे तसं राहू द्या."

केरोबाने ते डोक्यात पक्कं केलं.

फोन ठेवून तो वळतो, तर पडलेल्या भिंतीतून शेजारच्या धोंडिबाची म्हैस आत येऊन उभी. सगुणा काठी घेऊन धावली. केरोबा आडवा झाला.

"हलवू नकोस. साहेबांनी सांगितलंय."

मागोमाग धोंडिबा दावं घेऊन आला. "अरे शहाण्या, धार काढायची वेळ झाली!"

"इथेच काढ की. म्हैस हलता कामा नये."

दोन दिवस म्हैस चुलीपाशी राहिली. पीठ संपलं, मग ज्वारी संपली, मग तिने सगुणाच्या लुगड्याकडे मोर्चा वळवला.

तिसऱ्या दिवशी बिडकर आले. म्हशीकडे बघत राहिले.

"ही वादळात आत पडली?"

"नाही, चालत आली."

"मग हाकलली का नाही?"

"तुम्हीच म्हणालात, हलवू नका."

बिडकरांनी घाम पुसला. "अहो केरोबा, जे घराचं नाही ते बाहेर काढायचं! सोमवारी सगळे कागद घेऊन शाखेत या."

"असं आधी सांगायचं होतं," केरोबा म्हणाला, आणि तेही डोक्यात पक्कं केलं.

सोमवारी सगुणाने कागद पिशवीत बांधून दिले. एसटीत बसल्यावर केरोबाने ते नीट निवडले. शाखेत पोचला तेव्हा पिशवीत एकटी घरपट्टीची पावती होती.

"पासबुक?" बिडकरांनी विचारलं.

"ते बँकेचं. बाहेर काढलं."

"आधार कार्ड?"

"ते माझं. घराचं नाही."

"कुठे बाहेर काढलंत?"

"खिडकीतून. ओढ्याच्या पुलाजवळ."

सगुणाने दोन तास पुलाखाली फिरून सगळे कागद शोधून आणले. पुन्हा तीच पाळी नको म्हणून दुसऱ्या खेपेला तिने त्यांच्या झेरॉक्स दिल्या. बिडकरांनी त्या परत केल्या.

"नक्कल चालत नाही. आम्हाला मूळच दाखवावं लागतं. आणि उडालेल्या पत्र्यांचे फोटो आणा."

"असं आधी सांगायचं होतं," केरोबा म्हणाला. फोटो म्हणजे नक्कलच, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी शाखेच्या दारात टेम्पो उभा राहिला. केरोबाने मुडपलेले पत्रे एकेक करून आत आणले आणि बिडकरांच्या टेबलाला टेकवून ठेवले. मोडलेलं आढं मात्र दारात अडकलं. त्यामुळे आतल्या लोकांना जेवायला बाहेर जाता येईना आणि बाहेरचे आत येईनात.

"हे काय आहे?" बिडकर पत्र्यांच्या मागून ओरडले.

"मूळ."

बिडकरांचा आवाज आता अगदी मऊ झाला होता. "केरोबा, फोटो म्हणजे फोटोच. आणि नुसता पडझडीचा नको. आमच्यात आधीचं आणि नंतरचं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागतं. त्याशिवाय वरच्या साहेबांना फरक कळत नाही."

"असं आधी सांगायचं होतं."

या खेपेला सगुणा स्वतः गेली. शेवंताच्या लग्नातल्या एका फोटोत मांडवामागे घराचं छप्पर आलं होतं, ते दाखवलं. शेजारी पडक्या घराचा फोटो ठेवला. विमा मंजूर झाला. सुतार आला, नवं आढं चढलं, नवे पत्रे बसले, भिंत उभी राहिली. व्याह्यांनीही तोंडभर होकार दिला.

काम पाहायला वरचे साहेब येणार होते. नेमका त्याच दिवशी शेवंताला आणायचा मुहूर्त होता. सगुणा पहाटेच्या गाडीने निघाली. जाताना म्हणाली, "अकराला साहेब येतील. आधी काय होतं, नंतर काय झालं, ते त्यांना नीट समजावून सांगा. दुसरं काहीही करू नका."

अकराला बिडकर वरच्या साहेबांना घेऊन आले. त्याच वेळी सगुणा आणि शेवंता रिक्षातून उतरल्या. चौघेही अंगणात जागच्या जागी थांबले.

घराच्या डाव्या अंगाला नवे पत्रे चकाकत होते. उजव्या अंगाला आभाळ होतं. मोडकं आढं लोंबत होतं आणि भिंतीच्या विटांचा ढीग पडला होता. केरोबा घणाला टेकून दम खात होता.

"पुन्हा वावटळ आली होती का?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. तिची वाट बघितली असती, पण तुम्ही अकराला येणार होतात."

"मग हे काय?"

"हे आधीचं, हे नंतरचं. दोन्ही शेजारी शेजारी." त्याने बिडकरांकडे मान वळवली. "तुम्ही म्हणाला होतात, त्याशिवाय ह्यांना फरक कळत नाही."

बिडकर ओट्यावर बसले. केरोबाने घण खाली ठेवला, लेकीच्या हातातली पिशवी घेतली आणि मायेने विचारलं,

"शेवंते, तुझी खाट कुठे टाकू गं? आधीच्यात की नंतरच्यात?"