तीन मेलिती आणि एक ओळ

फार जुनी गोष्ट. यवनांच्या देशात, समुद्रात पाय सोडून बसलेल्या एका डोंगरावर, एक म्हातारा गाणारा राहत असे. तो छातीवर थाप मारून सांगे, "या डोंगरावरच्या साऱ्या जलदेवींची नावं मला तोंडपाठ आहेत!" आणि लगेच डोळा मिचकावून म्हणे, "म्हणजे तिघीच आहेत हो, आणि तिघींचं नाव एकच."

ते मात्र खरं होतं. तिघीही मेलिती. थोरलीचा झरा बंदरापाशी, मधलीचा राजाच्या बागेत आणि धाकटीचा पार वर कड्याखाली, म्हाताऱ्याच्या झोपडीला लागून.

रीत अशी होती, की सणाला गाणाऱ्यानं प्रत्येकीच्या नावानं एकेक ओळ गायची. मग लोक तिच्या झऱ्यात मध ओतत. जिला मध मिळाला नाही, तिचा झरा आटे.

एका सणाला म्हाताऱ्याला खोडी सुचली. तो एवढंच गायला, "मेलिती, तुझं पाणी गोड!" आणि खाली बसला.

"अहो, बाकीच्या दोन ओळी?"

"एका हाकेला तिघी ओ देतात, मग तीनदा घसा कशाला कोरडा करू? घेतील आपसांत वाटून!"

लोक हसले. बंदरवाल्यांनी बंदरावर मध ओतला, राजाच्या माणसांनी बागेत. भांडं घेऊन तेवढ्या वर कोण चढतो?

धाकटीची मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली, मग नुसती ठिबकू लागली. म्हाताऱ्याच्या शेळ्या ओले दगड चाटू लागल्या. त्याचं स्वतःचंही नरडं सुकलं. तेव्हा तो तांब्या घेऊन कड्याखाली गेला.

"मेलिते! अगं ए मेलिते!"

कपारीतून बारीक आवाज आला, "कुणाला हाक मारतोस, पोरा? त्या दोघी खाली आहेत."

म्हाताऱ्याला पहिल्यांदाच कुतूहल वाटलं. तो दगडावर टेकला. "खरंच, तुम्हा तिघींत वेगळं ते काय?"

"थोरलीनं बुडता नावाडी काठाला लावला. मधलीनं राजाचं टाकून दिलेलं लेकरू वाढवलं."

"आणि तू?"

"मी साठ वर्षं एका खोडकर पोराला पाणी पाजलं."

"हात्तिच्या! याची कसली ओळ होणार?"

तांब्यात शेवटचा थेंब टपकला.

"नको करूस. पण पोरा, नाव एक म्हणून साऱ्यांना एक धरलं, की ज्याच्या जिवावर जगतो तेच नेमकं हातचं जातं."