पांढरीवरचं जातं

“दोनदा वसवलं, महाराज, दोनदा ओस पडलं. माझं चुकतं कुठं?”

रखमोजी पाटलाचा आवाज चढला होता. नदीकाठी नवं गाव वसवायचा विडाच उचलला होता गड्यानं. औंदाही लोक टिकले नाहीत, तर राजानं दिलेली ही जमीन हातची जाणार होती.

निंबगोसावी पाण्यात पाय सोडून बसले होते.

“दाखव तुझं गाव.”

पाटलाला तेवढंच हवं होतं! ही खालची काळी, शेतीची. ही उंचावरची पांढरी, घरांची. कितीही पूर आला तरी इथवर पोचायचा नाही. ही वेस, हा पाणवठा, हे मारुतीचं देऊळ. लोहार-सुतार वेशीलगत. खरं सांगायचं तर नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.

“आणि तुझं घर?”

“हे काय, सगळ्यांच्या वर!”

गोसावी आत शिरले. घर झाडलेलं, सारवलेलं. त्यांनी चुलीशेजारच्या भुईवरून हात फिरवला.

“जातं कुठं रोवलंयस?”

“ते होय... ते पलीकडं, जुन्या घरात. कारभारीण तिकडंच असते. पीठ होडीनं येतं.”

“का?”

“असू दे म्हटलं... उद्या इथं नाहीच जमलं, तर...”

पाटलाची जीभ अडखळली. दारात गावातली चार माणसं उभी होती, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



पाटील ताडकन वळला. “आत्ता आणतो!” म्हणाला आणि होडीत बसला.

रोवलेलं जातं उपटलं की त्या घराशी नातं संपलं, अशी रीत. हे तर पणजीनं रोवलेलं. पाटलानं आधी जात्याच्या पाया पडून मग पहार घातली. कारभारीण गोदाई मात्र लुगडं खोचून पुढं झाली.

“अगंबाई, सुचलं म्हणायचं एकदाचं!”

दिवस मावळायच्या आत जातं पांढरीवरच्या घरात रोवलं गेलं. बघायला सगळं गाव लोटलं.

पाटलानं घाम पुसला.

“जुनं घर तर गेलं, महाराज. आता हेही ओस पडलं तर?”

गोसाव्यांनी झोळीत हात घातला. मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात टाकले.

“दळ.”