कोकणात गेलेला मीठवाला

फार जुनी गोष्ट आहे. एका नदीच्या दोन काठांवर दोन गड होते आणि त्यांचे पिढीजात वैर होते. मधल्या गावात दर सोमवारी बाजार भरायचा. तिथे मात्र दोन्हीकडची माणसे यायची.

त्या बाजारात एक मीठवाला बसायचा आणि त्याच्या शेजारी एक ताकवाली. खरे तर मीठवाला होता अलीकडच्या किल्लेदाराचा मुलगा आणि ताकवाली पलीकडच्या किल्लेदाराची मुलगी. दोघेही वेष पालटून शत्रूची बातमी काढायला आलेले. पण हे एकमेकांना ठाऊक नव्हते.

"तुझं ताक फार पाणचट आहे, बाई."

"मग चिमूटभर मीठ टाक की. तेवढंही हात आखडून देतोस."

असे बोलता बोलता वर्ष सरले. बातम्या बाजूला राहिल्या, जीव एकमेकांत गुंतला.

मुलीचे वडील म्हणत, "सोमवारी बाजाराच्या गर्दीत आपली माणसं मिसळून जातील. तेव्हाच समोरचा गड घेऊ." मुलगी दर वेळी काहीतरी कारण काढून त्यांना थांबवी. गडाची वाट बाजारातूनच जायची, आणि वाटेवर तिचा मीठवाला बसायचा.

एका सोमवारी ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

"मलाही. आधी तू सांग."

"नको, तूच सांग."

त्याने तोंड उघडले. पण खरे कळल्यावर ही उठून गेली तर? तो म्हणाला, "पुढच्या सोमवारी मी नाही. मीठ आणायला कोकणात चाललोय." खरे तर त्या सोमवारी गडाच्या दरवाजावर त्याचा पहारा होता.

"बरं झालं."

"त्यात बरं काय?"

"काही नाही. सावकाश ये, घाई करू नकोस."

तिचे सांगायचेही राहून गेले. घरी जाऊन ती वडिलांना म्हणाली, "आबा, येत्या सोमवारी निघा."

सोमवारी दुपारपर्यंत गड पडला. वडील तिला कौतुकाने गड दाखवायला घेऊन गेले. दरवाजात एक तरुण पडला होता.

"हा किल्लेदाराचा मुलगा," वडील म्हणाले. "शेवटपर्यंत जागचा हलला नाही."

ती खाली बसली. त्याच्यात अजून थोडी धुगधुगी होती. त्याने तिचे रेशमी लुगडे पाहिले, मग तिच्या वडिलांकडे पाहिले.

"तू यांची?"

"तू कोकणात जाणार होतास ना रे," ती म्हणाली.

त्याची मान कलंडली.

संध्याकाळी वडिलांनी तिच्या हातात सोन्याचे कडे घातले. लेकीने दिवस अगदी नेमका निवडला, असे ते ज्याला त्याला सांगत होते.

तात्पर्य: आपल्यावर माया करणाऱ्याला आपला ठिकाणा खोटा सांगू नये. तो आपल्याला वाचवायला बघतो, आणि त्याचा घाव आपण असतो तिथेच पडतो.