अग्निबाणाचा खालचा भाग

"पण तिथं वाचणार कोण?" नाथबाबांनी विचारलं.

मकरंद सानप याच प्रश्नाची वाट पाहत होता. पुण्याहून निघाल्यापासून त्यानं उत्तर तोंडात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं.

"आज कोणी नाही, बाबा. पण तिथं वारा नाही, पाणी नाही, गंज नाही. चकतीवर कोरलेलं अक्षर लाखो वर्षं जसंच्या तसं राहील. आपल्याकडे पुस्तकाला वाळवी लागते. इंटरनेटवरचं म्हणाल, तर एखादी कंपनी बुडाली की लोकांचं आयुष्यभराचं लिखाण गडप. चंद्रावर ती भीतीच नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि धुनीतलं वांगं चिमट्यानं उलटं केलं.

लोणारच्या सरोवराच्या काठावर, झाडीत, बाबांची मठी आहे. आभाळातून एक दगड पडला आणि त्याच्या खड्ड्यात हे सरोवर झालं. मकरंद पहिल्यांदा इथं आला तो तो खड्डा बघायला. बाबांनी त्याला चहा विचारला. खड्डा राहिला बाजूला आणि मकरंदला गुरू मिळाले.

या मकरंदला दोन वेडं. एक अंतराळाचं. जगात कुठंही यान उडो, हा पठ्ठ्या फोन घेऊन हजर. दुसरं वेड लिहिण्याचं. स्वतःची साइट त्यानं स्वतःच्या हातानं उभी केली होती आणि कुठल्याही कंपनीच्या दावणीला बांधली नाही याचा त्याला कोण अभिमान. तिथं तो वर्षानुवर्षं आपल्या नावानं यानांवर लिहीत आला. वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे सासुरवाडीचे.

मग एकदा त्यानं बाबांचं एक वाक्य टाकलं, खाली बाबांचं नाव लिहिलं. सकाळी उठून बघतो तर वाचकांची जत्रा.

माणूस एकदा गर्दीला चटावला की त्याचं काही खरं नसतं. लोक रोज नवं वचन मागू लागले. इकडे बाबांचा हिशेब असा, की दिवसभरात दोन वाक्यं बोलायची, आणि त्यातलं एक "चहा ठेव" हे.

तरी साइटवर रोज एक वचन येतच राहिलं.

आता परदेशातली कुठलीशी कंपनी चंद्रावर यान उतरवणार होती. ज्यांची स्वतःची साइट आहे अशांचा एकेक मजकूर ती धातूच्या चकतीवर कोरून सोबत नेणार होती. मकरंदचा नंबर लागला. मजकूर आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. सगळ्यात गाजलेलं वचन त्यानं निवडून ठेवलं होतं. राहिला होता फक्त बाबांचा आशीर्वाद.

"वाच," बाबा म्हणाले.

मकरंदनं घसा साफ केला. फोन समोर धरला.

"'अग्निबाणाचा खालचा भाग स्वतः जळतो, वरच्याला वर ढकलतो आणि समुद्रात पडतो. लोक वरच्याकडे बघून टाळ्या वाजवतात. मी खालच्याकडे बघतो.'"

"खाली नाव कोणाचं?"

"तुमचंच, बाबा. नाथबाबा, लोणार."

बाबांचा चिमटा थांबला.

"अग्निबाणाला खालचा भाग असते?"

"असतो ना!" यानाचा विषय निघाला की मकरंदला दम कुठला? "बहुतेक सगळं इंधन त्यातच भरलेलं असतं, बाबा. ते संपलं की त्याचं ओझं नको म्हणून तो सुटा करतात, आणि मग..."

त्यानं फोन खाली केला.

"मले ठाऊक नव्हतं," बाबा म्हणाले.

...

हे वचन गाजलं होतं ते त्या अग्निबाणामुळेच. 'बघा, आपल्या साधूंना हे विज्ञान आधीच ठाऊक होतं!' असं लोकांनी खाली लिहिलं होतं. एका प्राध्यापकांनी तर त्यावर लांबलचक लेख पाडला होता. मकरंदनं कोणाचीही चूक सुधारली नव्हती. उलट मनातून त्याला गुदगुल्या झाल्या होत्या. आता त्याचे कान तापले.

"हे मी कवा बोललो?" बाबांच्या आवाजात राग नव्हता. चपला कुठं काढल्या हे आठवत नसलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"नाही बोललात."

"मंग कोण बोललं?"

"मी."

"आन बाकीचं? रोज टाकतो ते?"

"काही आहेत तुमची... थोडी."

बाबा एकदम हसत सुटले. हसता हसता त्यांना खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"आन मी म्हणतो, लोकं अचानक माह्या पाया काहून पडू लागले!"

मकरंदला हसू येईना. धरणी दुभंगली तर बरं, असं त्याला झालं होतं. रागावले असते तर त्यानं पाय धरले असते, पण हसणाऱ्या माणसापुढे करायचं काय?

बाबांनी डोळे पुसले. वांग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे खालच्या भागाचं... कोणाचं हाय?"

"माझंच. सांगितलं ना, बाबा."

"तसं नाही. कोणाकडं पाहत होता तू?"

...

खालून कुठून तरी मोराचा आवाज आला आणि थांबला.

"अण्णांकडे," मकरंद म्हणाला. "माझे वडील. मेहकरला सायकलचं दुकान होतं त्यांचं. हात कायम काळे. मला कॉलेजात पदवी मिळाली त्या दिवशी आले, पण आत आलेच नाहीत. फाटकाशी उभे राहिले. म्हणाले, माझे हात असे, तुझ्या फोटोत कशाला? त्या दिवसाच्या एकाही फोटोत अण्णा नाहीत."

"मंग?"

"ते गेले. घरात सुतक होतं. त्याच दिवसांत एक यान उडालं आणि मी सवयीनं फोन उघडला. खालचा भाग सुटला, पडायला लागला. तिथले सगळे उठून टाळ्या वाजवत होते... मी घरामागं जाऊन रडलो, बाबा. अण्णांना अग्नी देताना रडलो नव्हतो. मग हे एका दमात लिहिलं."

बाबांनी मान हलवली.

"आन खाली नाव माह्यं टाकलं."

"काय करणार होतो?" मकरंदचा आवाज चढला. गुरूसमोर आपण असे बोलतो आहोत याचंही त्याला भान राहिलं नाही. "माझ्या नावानं कोणी वाचलं असतं? मला ओळखतं कोण? तुमचं नाव होतं म्हणून हजारोंनी वाचलं. किती जणांनी लिहिलंय, आम्हाला आमचा बाप आठवला म्हणून. कोणी रात्रीच्या गाडीनं गावी जाऊन बापाला भेटून आलं. माझं नाव टाकलं असतं, तर अण्णा माझ्या सासुरवाडीच्या पलीकडे गेले नसते!"

"खरं हाय," बाबा म्हणाले.

हे उत्तर मकरंदला अपेक्षित नव्हतं. भांडायला म्हणून जमवलेलं सगळं बळ तसंच राहिलं आणि त्याला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं.

बाबांनी वांगं बाहेर काढलं. फुंकर मारत मारत त्याची काळी साल सोलली, मीठ-तेल घालून कुस्करलं, आणि भाकरीवर घालून त्याच्यापुढे सरकवलं. मकरंदनं घास घेतला नाही. फोनवर मजकूर तयार होता. खाली बाबांचं नाव होतं. बोट लावायचा अवकाश, की ते नाव अण्णांच्या दुःखाखाली लाखो वर्षांसाठी कोरलं जाणार होतं.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

"बाबा... पाठवू?"

"पाठव नं."

"कोणाच्या नावानं?"

बाबांनी हनुवटी वर केली. अजून उजेड होता, आणि आभाळात फिकट चंद्र दिसत होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले... मग म्हणाले,

"तिथं मले तरी कोण ओळखते?"