टाकीला बांधलेली पट्टी

घाट उतरण्याआधीच्या शेवटच्या गावात एक वृद्ध मिस्त्री जुन्या गाड्या दुरुस्त करीत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. वय पस्तीस, हात चपळ. सहा वर्षे तिथेच काम शिकलेला. अलीकडे गिऱ्हाइकांशी तोच बोले.

एका सकाळी आंब्याच्या कलमांचा व्यापारी आपली जुनी डिझेल पिकअप घेऊन आला. मागे तीनशे कलमे होती. ती त्याच दिवशी घाटाखाली पोचवायची होती.

"निघताना झकास चालते," व्यापारी म्हणाला. "अर्ध्या तासाने थरथरायला लागते. वळणावर क्लच दाबून रेसवरचा पाय उचलला की बंद. गेल्या खेपेला ऐन घाटात बंद पडली. इंजिन बंद, तसा ब्रेकही दगडासारखा झाला. दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो, तेव्हा कठड्याला घासून थांबली. आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू. जसं काही झालंच नाही!"

शिष्याने डिझेलचा फिल्टर बदलला. पाइपातली हवा काढली. मग आयडलिंगचा स्क्रू पिळून उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग वाढवला. इंजिन जोरात गुरगुरू लागले.

"आता रेसवर पाय ठेवा, नाहीतर सीटवर मांडी घालून बसा," शिष्य म्हणाला. "बंद पडायची नाही. खुशाल उतरा घाट."

व्यापारी हसला. "वस्ताद, चेला तुमच्यापेक्षा भारी निघाला."

वृद्ध उठला. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि शिष्याने पिळलेला स्क्रू उलटा फिरवून होता तिथे आणला. इंजिनाचा आवाज खाली आला.

"वस्ताद, हे काय? आत्ता तर नीट केली."

"मागच्या गावापर्यंत जाऊन ये. कुठे थांबू नको. कशाला हात लावू नको."

अर्ध्या तासाने गाडी परत आली आणि दारात उभी राहिली. इंजिन थरथरत होते. बॉनेट खडखडत होते. शिष्य उतरून स्क्रूकडे धावला. वृद्धाने त्याचे मनगट धरले.

"मरू दे."

"अहो, माझी कलमं सुकतायत!" व्यापारी ओरडला.

"सुकू द्या. तुम्ही जिवंत आहात ना अजून?"

इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. वृद्ध बॉनेटकडे गेलाच नाही. तो गाडीच्या बाजूला डिझेलच्या टाकीपाशी वाकला. टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. सात-आठ वेढे असतील. त्याने ती कापली आणि झाकण फिरवले. सूंऽऽ करीत बाहेरची हवा आत शिरली. तिघांनीही तो आवाज ऐकला.

"चालू कर."

पहिल्याच किल्लीला इंजिन चालू झाले. संथ, एका लयीत.

"पट्टी कोणाची?"

"माझीच," व्यापारी म्हणाला. त्याच्या स्वरात अभिमान होता. "वळणावर डिझेल उसळून बाहेर यायचं. कलमांना वास लागायचा. मग कलम बांधतो तशी बांधली. आमच्या हातची पट्टी आहे, वस्ताद. आत हवेचा कण जायचा नाही."

"म्हणूनच. टाकीतून जेवढे डिझेल जाते, तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला भोक असते. ते तुम्ही बुजवले. मग टाकी डिझेल सोडीना आणि इंजिन उपाशी मरू लागले. गाडी उभी राहिली की फटीतून थोडी हवा शिरे आणि पुन्हा चाले. कलमाला पट्टी लागते. टाकीला नाही."

मग तो शिष्याकडे वळला.

"झाकणाखालचा रबरी वायसर झिजला होता, म्हणून डिझेल सांडत होते. यांनी सांडणे झाकले. टाकी उपाशी म्हणून इंजिन थरथरत होते. तू थरथरणे झाकलेस. फिल्टर काढताना पाइप उघडला, त्यातून टाकीत हवा शिरली, म्हणून गाडी चालली आणि तुला वाटले तूच चालवली. थरथर हा आजार नव्हे. ती गाडीने घातलेली हाक आहे. हाक बंद केलीस तर दुखणे शोधणार कुठे? म्हणून आधी तुझा स्क्रू उलटा फिरवला. तिला बोलू दिले."

शिष्य म्हणाला, "पण शेठ खूश होते."

"दुसऱ्या वळणापर्यंत."

वृद्धाने बारीक तारेने झाकणाचे भोक मोकळे केले. झाकणाला नवा वायसर बसवला. कापलेली पट्टी व्यापाऱ्याने उचलून खिशात ठेवली. वृद्ध शिष्याला म्हणाला, "यांच्या शेजारी बस. घाटाखालच्या नाक्यापर्यंत जा. एसटीने परत ये."

"मी कशाला?"

"सकाळी 'खुशाल उतरा' तूच म्हणालास. तेव्हा बसला असतास?"

 शिष्य जाऊन बसला.

अर्ध्या तासाने घाट लागला. पहिले वळण नीट पार पडले. पुढे रस्ता रुंद झाला. दुसऱ्या वळणावर व्यापाऱ्याने बोटाने दाखवले. कठड्यावर पिकअपचा निळा रंग घासलेला होता. पलीकडे झाडांचे शेंडे फार खाली दिसत होते. व्यापाऱ्याने क्लच दाबला आणि रेसवरचा पाय उचलला. इंजिन हळू झाले, पण थांबले नाही.  शिष्य ऐकत होता. खाली नाक्यापर्यंत तो ऐकतच राहिला.